एक किलो नऊशे

नवरात्र उतरलं की आमच्या खारदांड्यात ऊन खाली येतं. एरवी ते वर आकाशात असतं. या दिवसांत माणसाच्या मानेवर येऊन बसतं. पेपरवाले त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात आणि दुपारी बाहेर पडू नका असं छापतात. आम्ही कोळणी याच उन्हासाठी बाहेर पडतो. पावसात कुजलेले बांबू बदलून किनाऱ्यावर वलांड्या उभ्या करतो, म्हणजे आडव्या काठ्यांचे माणूसभर उंच मांडव, आणि त्यांवर बोंबील वाळत घालतो. बोंबील एकटा टांगत नाहीत. दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर सोडून द्यायची, एक अलीकडे, एक पलीकडे. एकाची पकड सुटली की दुसराही वाळूत.

ओला बोंबील म्हणजे कातड्यात बांधलेलं पाणी. दोन-तीन उन्हं खाल्ली की त्याची काडी होते. किती पाणी गेलं आणि किती उरलं, हे मी दोन बोटांनी दाबून सांगते. अंधेरीच्या बाजारातला माझा ओटा, घाटकोपर-मुलुंडपर्यंत जाणारा सुक्या मासळीचा माल, सगळं या दोन बोटांवर उभं आहे. बापाने होडीतला वाटा विकला तेव्हा मी नववीत होते. मासळीचा वास येतो म्हणून ज्या सोसायट्यांनी मला लिफ्टमध्ये घेतलं नाही, त्यांचे जिने मी टोपली डोक्यावर घेऊन चढले. आता त्याच सोसायट्यांतून फोन येतात, "मावशी, आमच्यासाठी ठेवाल ना?" ठेवते. भाव मात्र मी सांगेन तोच.

यंदाही ऊन वेळेवर आलं. मी पहिली जोडी काठीवर सोडली आणि तिच्याखालच्या वाळूकडे बघितलं. सहा वर्षं झाली, दर वर्षी बघते. कारण याच उन्हात, याच वलांडीखाली, मी एकदा माझी बहीण वाळवली आहे.

वैजू माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटी. ती पिंजऱ्यात लढते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात त्याला: ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकत्र, आणि भोवती जाळी. ओट्यावर एक बाई दर वेळी विचारते, "म्हणजे खरंच मारतात का हो?" मी म्हणते, "नाही, ओवाळतात." अंधेरीच्या एका औद्योगिक गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर तिचा आखाडा. खाली लेथ चालतो, वर पोरी एकमेकींना आपटतात, आणि कुठला आवाज कुठला ते जिन्यात उभं राहून कळत नाही. तेरा वर्षं ती तो जिना चढते आहे. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्यांतलं आता तिथे कुणी नाही. कुणाचा गुडघा गेला, कुणाचं लग्न झालं, कुणी दुसऱ्यांना शिकवतं. वैजू सदतीस वर्षांची आहे आणि अजून लढते.

तिच्या मॅचची बोलणी मी करते. सुरुवातीला एका आयोजकाने तिला दहा दिवस आधी सांगितलं की ये लढायला. मी गेले आणि दहाचे पंचवीस दिवस करून आले. तेव्हापासून हे काम माझ्याकडे. बाजारात मी भावावरून घासाघीस करते, तिच्यासाठी दिवसांवरून, वजनावरून, फेऱ्यांवरून. आखाड्यातले सावंत सर म्हणायचे, "हिराताई, तुम्ही समोर बसलात ना, की आयोजक पाणी मागतो." मला ते ऐकायला आवडायचं. आवडायचं हे खोटं कशाला बोलू.

सहा वर्षांपूर्वीचा तो हंगाम. मॅच बावन्न किलोच्या गटात होती. लढणारी माणसं एरवी जास्त वजनाची असतात. मॅचच्या आदल्या दिवशी काट्यावर उभं राहण्यापुरतं अंगातलं पाणी काढून टाकतात आणि मग रात्रभरात पुन्हा भरतात. वैजूला शेवटचे साडेतीन किलो काढायचे होते. मीठ बंद, मग भात बंद, मग पाणी मोजून, मग पाणीही बंद. मॅचच्या दोन दिवस आधी ती दुपारी प्लास्टिकचा सूट घालून माझ्या वलांडीखाली येऊन बसली. वरून बोंबलांचं पाणी टपटपत होतं, खाली हिच्या बाहीतून. आई दारातून ओरडली, "पोरीची सुकट केलीस गो, हिरे!" वैजू हसली तर ओठ फाटला. तिने जिभेने रक्त चाटलं आणि लगेच बाटलीत थुंकली. तेवढंच वजन कमी. मला आठवतं, तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, किती उरलंय?" मी तिच्या दंडाचं कातडं दोन बोटांत धरलं. "आहे अजून. निघेल." मी तेव्हा तिची बहीण नव्हते. माल बघणारी बाई होते.

दुसऱ्या दिवशी मुलुंडच्या एका हॉलमध्ये वजनं. वैजू काट्यावर चढली: बावन्न. उतरली आणि भिंतीला धरून खुर्चीत बसली. सरांनी तिच्या ओठाला बाटली लावली. मग समोरची मुलगी चढली. काटा थांबला चोपन्न किलोच्या पुढे, शंभर ग्रॅमवर. तिच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, ओठ ओले होते. म्हणजे तिने काढायचा प्रयत्नच केला नव्हता.

दोन किलो शंभर जास्त. आयोजक मला बाजूला घेऊन गेला. गोड बोलणारा माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या.

"हिराताई, मॅच रद्द केली तर सगळ्यांचंच नुकसान. तिकिटं गेलीत. तुम्ही समजदार आहात. हिला जरा धावायला लावतो, थोडं खाली येईल. बाकीचं सोडा ना."

"सोडायला मी काय धर्मशाळा उघडलीय?"

"बोला मग, काय पाहिजे?"

काय पाहिजे, हे शब्द माझ्या कानावर पडले की माझं डोकं बाजारात जातं. मला नाही म्हणता आलं असतं. वजन चुकलेल्या मुलीशी लढायला नकार देणं हा लढणारीचा हक्कच असतो. पण नकार हा काही सौदा नव्हे. नकार देऊन मी कधी टोपली उचलली नव्हती. ती मुलगी अर्धा तास धावली, दोनशे ग्रॅम उतरली. उरलं एक किलो नऊशे. मी म्हटलं, पुढच्या हंगामात बेल्टची मॅच वैजूला. म्हणजे त्या गटातली सगळ्यात मोठी लढत. तो थोडा घुटमळला, मी पाठ फिरवली, तो मागे आला. ठरलेला खेळ. मी हात पुढे केला, त्याने हातावर हात मारला. बंदरावर लिलावात आमच्याकडे कागद नसतो. हातावर हात पडला की समुद्र कोरडा झाला तरी शब्द फिरत नाही. मी चाळिशीच्या अनुभवी बाईने तो कायदा एअर कंडिशनरच्या हॉलमधल्या माणसाला लावला.

परत आले आणि वैजूला म्हटलं, "झालं. ठरलं. बेल्ट मिळवलाय तुझ्यासाठी." ती बाटली तोंडाला लावून पीत होती. तिने पिणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं, समोरच्या मुलीकडे बघितलं, आणि पुन्हा प्यायला लागली.

पिंजऱ्यात वजन दिसत नाही, ऐकू येतं. पहिल्या फेरीत वैजू वेगवान होती, मी ओरडून घसा बसवला. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्या मुलीने तिला जाळीशी दाबलं आणि खाली आणलं. आवाज आला, ओल्या मासळीचं पोतं ओट्यावर पडतं तसा. एक किलो नऊशे म्हणजे वीसेक बोंबील. टोपलीत ते काहीच नाहीत. पण तेच छातीवर बसून कोपर मारतात तेव्हा किती असतात ते त्या दिवशी कळलं. मी बोटांवर मोजत होते: आता उठेल, आता उठेल. तिसऱ्या फेरीत कोपर उजव्या डोळ्याखाली बसलं. वैजूने हार कबूल केली नाही. घंटा होईपर्यंत ती खाली पडून हात चालवत होती, आणि तिचे ठोसे त्या मुलीच्या डोक्याशेजारच्या हवेत जात होते. माझ्या लक्षात आलं नाही. सरांच्या आलं. ते जाळी धरून म्हणाले, "हिला दोन दिसतायत."

डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत नखाएवढी पट्टी बसवली. घरी आणलं तेव्हा हंगाम जोरात होता. आईने तिला वलांडीसमोर खुर्चीत बसवलं, काठीवरची एकच जोडी दाखवली आणि विचारलं, "किती हाएत गो?"

"चार."

आई आत गेली. भांडी घासायचा आवाज आला, घासलेलीच भांडी.

बेल्टची मॅच पुढच्या हंगामात झाली. ती मिळाली वैजूला हरवणाऱ्या त्याच मुलीला. मी आयोजकाच्या अंधेरीच्या ऑफिसात गेले. त्याने पाणी मागवलं आणि म्हणाला, "ताई, तिचा डोळा असा. आणि आपलं तसं काही ठरलेलं आठवत नाही मला. कागद आहे का?" मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही. त्याचा शिपाई मध्ये आला, त्यालाही त्यातलं मिळालं. निघताना पिशवीतले चार सुके बोंबील मी त्यांच्या त्या पांढऱ्या सोफ्याच्या फटीत खोल सारले. बंद खोली, एसी. तो वास किती दिवस गेला नसेल याचा विचार करून मला आजही बरं वाटतं.

सहा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. मासे कापताना, बसच्या रांगेत, देवापुढे हात जोडताना. कुणी विचारलं की गोष्ट सांगायचे: कसा शब्द दिला, कसा फिरवला. ऐकणारे चुकचुकायचे. गोष्ट सांगताना एक जागा मी भरभर ओलांडायचे, ती खुर्चीची जागा, बाटली तोंडाला लावलेल्या वैजूची.

वैजूने मला कधी दोष दिला नाही. एकदाच, ऑपरेशननंतर वर्षभराने, सुके बोंबील उतरवत असताना, सहज म्हणाली, "मला विचारलं असतंस ना बाय, तरी मी हो म्हटलं असतं."

"मग झालं तर!"

"तेच तर. विचारलं असतंस तर."

डॉक्टर म्हणाले होते, आता बस. ती बसली नाही. पण तिने जे केलं ते सिनेमातल्यासारखंही नव्हतं. दहा महिने ती फक्त चालली. दांड्यापासून जुहूपर्यंत वाळूतून, एक डोळा झाकून, मग दोन्ही उघडून. मग भिंतीवर चेंडू मारून झेलला, शेकडो वेळा, पहिले कित्येक दिवस हुकला. सरांनी तिची लढायची पद्धत मोडून नवी बसवली: खाली पडायचंच नाही, पाय चालते ठेवायचे. वर्षाला दोनच मॅचेस. लोकांना वाटतं, लढणारा टिकतो तो मार खाऊन. मी जवळून बघितलंय. पावसाळ्यात आम्ही होड्या वर ओढून ठेवतो, फळ्यांच्या भेगा भरतो. होडीचं आयुष्य त्या दोन महिन्यांत वाढतं, समुद्रात नाही. वैजू टिकली ती 'नाही' म्हणत. या मॅचला नाही, त्या तारखेला नाही, दुखऱ्या खांद्याने नाही. जो शब्द मला त्या दिवशी तोंडातून काढता आला नाही, त्यावर तिने सहा वर्षं काढली.

आणि यंदा तोच आयोजक मॅच घेऊन पुन्हा समोर आला. मुंबईत असे आहेत किती? वैजूनेच हो म्हटलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, पण एक वाक्य जोडलं: बरोबरीच्या वजनाशी लढा; जड शरीर पुन्हा त्याच हाडावर पडलं तर पट्टी धरेल याची खात्री मी देणार नाही. आणि ही मॅच हुकली तर सदतीस वर्षांच्या बाईला दुसरी कोण देणार, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला वजनं झाली. वैजू बावन्न. समोर मानखुर्दची प्रज्ञा, बावीस वर्षांची, पोरगी चुणचुणीत. ती काट्यावर चढली, काटा बावन्नवर थांबला नाही. नऊशे ग्रॅम जास्त. तिने काट्यावरच तोंड झाकून घेतलं. नियमाप्रमाणे तिला एक तास मिळाला.

आयोजक सरळ माझ्याकडेच आला. केस पिकलेत आता, हसू तेच. हातात छापील कागद, खाली त्याची सही.

"हिराताई, मागचं मनात ठेवू नका. हे घ्या. पुढच्या हंगामात बेल्टची मॅच, लेखी. नऊशे ग्रॅमच तर आहे. तुम्ही हो म्हणा, त्या पोरीला उगाच पळवत नाही."

सहा वर्षं मी जो कागद मागत होते तो माझ्या नाकासमोर होता. मी वाचला. दोनदा वाचला. फट नव्हती त्यात. तोंड उघडलं तेव्हा मी काय बोलणार होते ते देवाला माहीत, पण समोर खुर्चीत वैजू बसली होती. बाटली तोंडाला. तिने पिणं थांबवलं होतं.

"तिला विचारा," मी म्हटलं.

वैजू उठली. "नऊशे नाही. मला बावन्नची मॅच पाहिजे." आणि सरळ प्रज्ञाकडे गेली. "रडू नको यार. रडून फार निघत नाही. चल वर."

"अगं ए! उद्या तुला मारणार आहे ती!" मी ओरडले.

"म्हणून तर. आली नाही तर मी कुणाला मारू?"

गच्चीवर अडीचचं ऊन. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि प्लास्टिकच्या सूटमध्ये फेऱ्या मारणारी प्रज्ञा. तिच्याबरोबर सावलीच्या कडेने वैजू, घड्याळ बघत. प्रज्ञाचे कोच आणि आमचे सर दाराशी उभे. पंधरा मिनिटं, तीस. चाळीस मिनिटांनी प्रज्ञा गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"बाय, इकडे ये. बघ, किती उरलंय हिच्यात."

मी गेले. प्रज्ञाच्या मानेला हात लावला. तापलेल्या तव्यासारखी, आणि कोरडी. दंडाचं कातडं दोन बोटांत धरलं, सोडलं. ते जागेवर बसायला वेळ घेत होतं. सहा वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, आहे अजून, निघेल. आज तसं म्हटलं असतं तर सगळ्यांना पाहिजे तेच झालं असतं.

"संपलं," मी म्हटलं. "हिच्यात काही नाही आता. सावलीत घ्या पोरीला."

"मावशी, प्लीज," प्रज्ञा म्हणाली. तिची जीभ टाळ्याला चिकटत होती. "पंधरा मिनिटं आहेत अजून."

"गप. सुकट झालीय तुझी."

खाली आणून काट्यावर उभी केली. पाचशे उतरली होती. चारशे जास्त. आयोजकाने पुन्हा माझ्याकडे बघितलं, कागद अजून हातात. मी दातावर दात दाबून धरले. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेले नाही.

वैजूने डोळ्याखालच्या जागेवरून अंगठा फिरवला. तिची सवय आहे ती. सरांशी दोन शब्द बोलली, त्यांनी मान हलवली. मग म्हणाली, "चारशेची सूट मी देते. हिला पाणी पाजा आधी." आणि आयोजकाला, "मी देते म्हटलं. बाय नाही."

मी तिच्या जवळ गेले. हळूच विचारलं, "वैजू... तो कागद घेऊ का गं?"

ती इतकी हसली की तिचा सुकलेला ओठ फाटला. "घे ना बाई. नाहीतर रात्री जेवशील का तू?"

मी घेतला. चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

मॅच तीन फेऱ्या चालली. मी एकही आकडा मोजला नाही, डोळे फक्त तिच्या पायांवर. चालत होते. तिसऱ्या फेरीत एकदा प्रज्ञाने तिला जाळीशी धरलं तेव्हा मी सरांचा दंड एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी तो काळानिळा होता. वैजू निसटली. दोन पंचांनी मॅच वैजूला दिली, एकाने नाही. तो तिसरा पंच कुठे राहतो याची मी चौकशी करते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आधी वैजू वलांडीपाशी आली. उजवा डोळा सुजून अर्धा मिटलेला, जांभळा. मी बोंबील लावत होते. माझा हात थांबला. मी एक जोडी काठीवर सोडली, बाकीच्या जोड्या टोपलीखाली झाकल्या आणि बाजूला झाले. आई पुढे झाली.

"किती हाएत गो?"

वैजूने सुजलेली पापणी बोटाने वर केली. डावा डोळा मिटला, उघडला. वाऱ्याने जोडी थोडी हलली.

"दोन," ती म्हणाली. "आणि आये, बायला सांग, हात थांबवू नको. ऊन वाया चाललंय."